उरकुडे सरांचं ‘हव’

नाव उरकुडे, पण आयुष्यात एक काम वेळेत उरकलं असेल तर शपथ. हे मी त्यांच्या पाठीमागं बोलत नाही. तोंडावर बोललेली आहे, आणि एकदा नाही, शंभरदा. ते ऐकून घेत, बोटांत खडू फिरवत राहत, आणि मी विषय सोडून सहामाहीच्या पेपरांवर आले की मग मान हलवून म्हणत, "हव."

हे ‘हव’ म्हणजे आमच्याकडचं ‘हो’. नागभीडपासून खाली पार गडचिरोलीपर्यंत माणसाचं त्याच्याशिवाय चालत नाही. कुणी हाक मारली तर हव, पटलं तर हव, पटलं नाही पण भांडायचा कंटाळा आला तरी हव. पुण्याकडून बँकेत बदलून आलेल्या एका बाईंचा तर पहिले दोन महिने समज होता की इथल्या प्रत्येकाला काहीतरी हवंच असतं. "काय हवं?" म्हणून त्या विचारायच्या आणि समोरचा पुन्हा म्हणायचा, "हव!" दोघंही बिचारे घाम पुसत बसायचे.

पण इतरांचं हव प्रश्नाच्या पाठोपाठ यायचं. उरकुडे सरांचं निघायचं खरं, वाटेत कुठल्या झाडाखाली बसायचं कोण जाणे. "सर, चहा घेता?" म्हणून विचारावं, चहा यावा, आपण प्यावा, कप धुऊन पालथा घालावा, आणि मग खिडकीबाहेर बघत ते म्हणणार, "हव." आमचा शिपाई डोमाजी शहाणा. तो विचारायचाच नाही. सगळ्यांना चहा देऊन झाला की सरांचा कप झाकून ठेवायचा आणि म्हणायचा, "मास्तरचं हव आलं का गरम करून देतो."

मी त्याच शाळेत मराठी शिकवायची. बोरकर बाई. सर गणिताचे. आमच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत, त्यामुळे त्यांचा तास मला फुकट ऐकायला मिळायचा. ऐकायला म्हणजे काय, शांतताच जास्त. एकदा आठवीच्या वर्गात पोट्टे ओरडले, "सर, साप! सर, साप!" मी धावत गेले. बाकांवर पोरं चढलेली, फळ्याखालून चांगला हातभर लांब साप चाललेला, आणि उरकुडे सर फळ्यावर समलंब चौकोनाची शेवटची बाजू ओढताहेत. बाजू पूर्ण झाली. टोकाला अक्षर लिहून झालं. मग ते वळले आणि म्हणाले, "कुठी?" तोवर साप दारातून निघून शेजारच्या धानाच्या बांधीत उतरला होता. हेडमास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सरांच्या धैर्याचं कौतुक केलं. सरांना ते कौतुक कशाचं हे दुपारी कळलं.

आणि चित्रांचं वेड! माणूस गणिताचा, पण त्रिकोण काढला तरी त्याच्या पायथ्याशी गवत काढणार. वर्तुळ काढलं की त्याला देठ लावून त्याचं टेंभरू, म्हणजे तेंदूचं फळ, करणार. एका टाकीत दोन नळ सोडले तर ती टाकी किती वेळात भरेल, असं गणित असलं की टाकीवर पाणी प्यायला आलेली दोन पाखरं आलीच. पोरांना गणित येवो न येवो, पाखरं सगळ्यांना छान यायची. मी म्हणायची, "सर, पाखरांना मार्क नसतात हो." त्यावरचं हव तेव्हा काही आलं नाही.

तर असा हा माणूस. त्यांच्या नशिबी संगणक आला तो भज्यांमुळे.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं असेल. वरून हुकूम आला की आमच्या शाळेला एक संगणक मिळणार, आणि तो चालवायला शिकण्यासाठी एका शिक्षकानं नागपूरला जायचं. हेडमास्तरांनी बैठक बोलावली. बैठकीत भजी होती, म्हणून सगळे आले. मी शेजारी बसलेल्या उरकुडे सरांपुढं ताट धरलं, "सर, भजी घेता?" सर विचारात. ताट पुढं गेलं, रिकामं झालं. हेडमास्तरांनी संगणकावर मोठं भाषण केलं आणि शेवटी विचारलं, "तर मग, नागपूरले कोन जाते?" सगळे जमिनीकडे बघायला लागले. अशी शांतता की पंख्याची कुरकुर ऐकू यावी. आणि त्या शांततेत स्वच्छ आवाज आला, "हव."

हेडमास्तरांना भरून आलं. त्यांनी सरांच्या पाठीवर थाप मारली, नाव लिहून घेतलं, टाळ्या झाल्या. बाहेर पडताना सर मला हळूच म्हणाले, "बाई, भजे होते नं?"

नागपूरहून परत आले ते मात्र निराळेच होऊन. डोळ्यांत एक चमक. मागोमाग जीपमधून खोकं आलं. हेडमास्तरांनी प्रयोगशाळेची खोली रिकामी करवली, चपला बाहेर काढायचा नियम केला. डोमाजीनं नारळ फोडला. दसऱ्याला तर त्यानं प्रत्येक बटणावर हळदकुंकू वाहिलं, त्यानंतर एक बटण असं चिकटलं की एकदा दाबलं की तेच अक्षर ओळभर. सगळे नमस्कार करायचे, हात कुणी लावायचा नाही. लावला तो फक्त उरकुडे सरांनी, आणि त्यांच्या मुलीनं.

पुष्पा त्यांची एकुलती एक. आमच्याच शाळेत सातवीत. लहानपणी पोलिओनं उजवा पाय आखडला, तेव्हा गुडघ्यावर हात टेकत चालायची. पाय कमी चालायचा त्याची भरपाई जिभेनं करायची. खो-खोच्या तासाला तिला ओट्यावर बसवत. पोरींच्या चपला राखायचं काम तिच्याकडे. ती चपला कमी राखायची, हुकूम जास्त सोडायची. "अवं सुमे, पळून राह्यली का वरातीत चालून राह्यली?" "डावीकडून जाय नं वं, डावीकडून! माह्यासारके पाय असते तं समजलं असतं!" पोरी हसायच्या, तीही हसायची. आमच्या खिडकीतून ते मैदान दिसायचं. त्या तासाला भिंतीपलीकडचा खडू थांबलेला मला ऐकू यायचा. थांबलेला खडूही ऐकू येतो, शेजारी वर्ग असला की कळतं.

सर नागपूरला संगणक शिकले ते हजेरी आणि निकाल मांडायला. तिथं फावल्या वेळात कुणीतरी त्यांना पडद्यावर चेंडू इकडून तिकडं टोलवायचा खेळ दाखवला. बस. माणसाच्या डोक्यात किडा शिरला. बटण दाबलं की पडद्यावरचं पळतं, तर मग आपली पुष्पी का नाही पळणार? परत आल्यावर हे त्यांनी मला सांगितलं, तेही मी दुसरंच काही विचारलं होतं तेव्हा. "बाई, तिले एकदा पळवाचं हाय."

वेळ मात्र थोडा होता. यंत्र आमच्याकडे पुढच्या दिवाळीपर्यंतच. नंतर ते दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत जायचं होतं. उरकुडे सर आणि मुदत! मी कपाळाला हात लावला.

पण उन्हाळाभर ते बसले. शाळेला सुट्टी, प्रयोगशाळेत घाम गाळत सर. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा खेळ तयार होता. पहिल्यांदा काहीतरी उरकलं म्हणून मी पेढे आणले. खेळाचं नाव मोहफुलं. आमच्या जंगलात चैतात पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो, बाया टोपली घेऊन वेचायला जातात, आणि त्याच फुलांना अस्वलही येतं. तोच खेळ. वरून फुलं पडणार, खाली एक पोट्टी डोक्यावर टोपलं घेऊन डावी-उजवीकडे पळणार, फूल झेलणार. जमिनीवर पडलं की अस्वल खाणार.

बघायला हेडमास्तर, मी, डोमाजी, आणि बटणापाशी पुष्पा. पडदा उजळला आणि मी खरंच तोंडात बोट घातलं. काय ते जंगल! मोह, साग, तेंदू, बांबूची बेटं, पानन् पान वेगळं. झाडावर पाखरं आलीच. डोंगर, डोंगराआड सूर्य. पोट्टीला दोन वेण्या, वेण्यांना रिबिनी, फ्रॉकला फुगे बाह्या आणि खाली दोन सरळ, सारखे पाय.

"वा, वा, वा!" हेडमास्तर म्हणाले. "हे तं साक्षात ताडोबा!"

पुष्पानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. मग पहिल्यापासून सगळं परत यायला लागलं. डोंगर आला. सूर्य आला. मोह आला, एकेक फांदी करत. बांबू आला. अस्वल आलं. सगळ्यात शेवटी पोट्टी आली, एक पाऊल पुढं सरकलेली. फूल केव्हाच पडून अस्वलाच्या पोटात गेलं होतं. पुष्पानं पुन्हा दाबलं. पुन्हा काळोख, पुन्हा डोंगर.

"मस्त चालून राह्यलं की!" हेडमास्तर म्हणाले.

"सर, तुमचं बोट कुठी हाय बटनावर?" पुष्पा म्हणाली. "पाहनाऱ्याले मस्तच हाय." मग ती बापाकडे वळली. "बाबा, हे पोट्टी तं माह्याहून लंगडी हाय."

हेडमास्तर हसायला लागले आणि मध्येच थांबले. डोमाजीनं उगाच पडद्यावरची धूळ पुसली. सरांनी यंत्र बंद केलं. संध्याकाळी सर, पुष्पा आणि मी एकाच वाटेनं घरी निघालो. रेल्वे फाटकापाशी गाडी जाईस्तोवर थांबलो, फाटक उघडलं, आम्ही रूळ ओलांडले, आणि पलीकडं पोचल्यावर सर म्हणाले, "हव. लंगडीच हाय." त्या वेळचा त्यांचा आवाज मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला समजावलं. सिनेमा म्हणजे एकामागून एक चित्रं. एका सेकंदात चोवीस दाखवली की डोळ्याला वाटतं, माणूस चालतो आहे. यंत्राचंही तसंच, पण त्याला प्रत्येक चित्र जागच्या जागी नव्यानं काढावं लागतं. आमचं यंत्र एक चित्र काढेपर्यंत मास्तरचा चहा थंड व्हायचा.

"मग सेकंदाला किती चित्रं आली म्हणजे खेळता येईल?" मी विचारलं.

सर विचारात पडले. उत्तर शेजारी उभ्या पुष्पानंच दिलं. "आकडा नोका सांगू बाई. मी बटन दाबलं म्हंजे मी हाक मारली. तिनं लगेच ‘हव’ म्हटलं पायजे. ‘अं? काय म्हनलं?’ नाई म्हटलं पायजे." आणि जरा थांबून, "बाबावानी तं बिलकुलच नाई."

तेव्हापासून आमच्या शाळेत खेळाचं माप ठरलं. खेळ ‘अं’ म्हणतो की ‘हव’ म्हणतो. पुढं मोठ्या शहरांतली पोरं काय काय आकडे सांगताना मी ऐकली, पण आठवीतल्या पोरीच्या या मापापेक्षा बरं माप मला कुणी दिलेलं नाही.

आता खेळ ‘अं’ का म्हणतो? सरांनी निदान केलं: लाईन डिम आहे. हसू नका. आमच्याकडे त्या काळी कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. जिल्ह्यात एवढं मोठं वीज केंद्र, पण आमचा बल्ब आपला पिवळा, लाजलेल्या नवरीगत. लाईन डिम झाली की पंखा हळू फिरायचा, तंबूतल्या सिनेमात नायिकेचा आवाज नायकाचा व्हायचा. मग संगणक तरी कसा पळणार? सरांनी कुणाकडून तरी स्टॅबिलायझर आणला. काही फरक नाही. मग त्यांचं लक्ष धानाच्या गिरणीकडे गेलं. सगळी लाईन तीच पिते, असं गावाचं मत होतं. सर गिरणीवाल्या झिबलभाऊंकडे जाऊन उभे राहिले. काय बोलले ते देव जाणे, पण झिबलभाऊ मऊ माणूस. "पोरीसाठी हाय नं मास्तर? मंग बंद ठेवतो. दुपारच्याले."

गिरणी बंद झाली तशी धान कांडायला आलेली माणसं पोती तिथंच टाकून शाळेत आली. आपली लाईन कुठं जाते ते बघायला. व्हरांडा भरला, खिडक्या भरल्या, चपलांचा ढीग पडला. आणि लाईन खरंच आली बाप्पा! बल्ब पांढराशुभ्र. पंखा असा सुटला की हेडमास्तरांच्या टेबलावरचे कागद मैदानात. टाळ्या पडल्या. "आता पळव पोरीले!" झिबलभाऊ ओरडले.

पुष्पानं बटण दाबलं. पडदा काळा झाला. डोंगर आला. सूर्य आला. मोह आला, एकेक फांदी करत.

व्हरांड्यातल्या माना लांब झाल्या. एक म्हातारी म्हणाली, "झाडं बाकी झाक काढते, माय."

"लाईन तं भरपूर हाय बाबा," पुष्पा म्हणाली. "पोट्टीच थकली हाय."

माणसं आपापल्या पोत्यांकडे परतली. झिबलभाऊ जाताना सरांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. हसले मात्र कोणी नाही, हे मी गावाच्या बाजूनं सांगून ठेवते. सर तिथंच बसून राहिले. मी म्हटलं, "सर, तुमची पाखरं. पाखरांना मार्क नसतात, मी तुम्हाला कधीपासून सांगतेय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. आणि कितीतरी दिवसांपूर्वीचं ते हव त्या दिवशी आलं.

काढायला जितकं कमी तितकं यंत्र चपळ, तेव्हा सुरू झाली जंगलतोड. दुसरा शब्द नाही. आधी पाखरं उडवली. फरक पडला, पण थोडा. मग बांबूची बेटं गेली. एकेक झाड काढताना सर असा चेहरा करायचे की वनरक्षकानं पकडलंय. तेंदू काढताना मला बोलावून दाखवलं, "बाई, पानं पाहून घ्या एकदा." मी पाहून घेतली. डोंगर गेला, सूर्य गेला. अस्वलाचा आधी केसाळपणा गेला, मग अस्वल म्हणजे नुसता काळा ठिपका राहिला. डोमाजी रोज विचारायचा, "मास्तर, आज काय तोडलं?" दरवेळी पुष्पा बटण दाबून बघायची आणि निकाल द्यायची. "अं." दुसऱ्या दिवशी, "अजून अंच." एकदा, "अंऽ... अर्धं हव."

दिवाळी जवळ आली. धान कापणीला आलं. यंत्र न्यायला माणूस येणार असल्याचा निरोप पोचला. आता पडद्यावर उरलं होतं काय? जमिनीची एक रेघ, वरून पडणारं एक फूल, ठिपक्याचं अस्वल आणि ती पोट्टी. तिच्यातलं काही काढायला मात्र सर तयार नव्हते. वेण्या पुष्पानं कापायला लावल्या. रिबिनी गेल्या. फुगे बाह्या गेल्या. तोंडही गेलं. तरी पोट्टी बटण दाबल्यावर क्षणभर अडखळायची. पडदा पाहणाऱ्याला दिसायचं नाही, पण बोटाला कळायचं. आम्हाला पळाल्यासारखी वाटायची आणि पुष्पा मान हलवायची, "अं म्हनून राह्यली."

यंत्र जायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही तिघंच प्रयोगशाळेत. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आता काईच नाई उरलं, पुष्पे. काय काढू?"

पुष्पा पडद्याजवळ जाऊन बघत होती. पोट्टी म्हणजे एक चौकोन, वर टोपलं, खाली दोन पाय. ते पाय सरांनी फार निगुतीनं केले होते. एक पुढं तेव्हा दुसरा मागं, अगदी बरोबर.

"पाय काढा," ती म्हणाली.

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.  

"पाय काढा नं बाबा. त्यानंच अडकून राह्यली ते. पळायले पाय थोडीच लागते इथी?" आणि बाप हलत नाही असं बघून तिनं मला सांगितलं, "तुमी तरी सांगा नं बाई. पाहनाऱ्याले पाय पायजे. खेळनाऱ्याले नाई."

सर यंत्राकडे वळले. तो भाग शोधायला त्यांना वेळ लागला, पुसायला त्याहून जास्त. मग त्यांनी खुर्ची मागं ओढली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्याकडे बघेनात.

पुष्पानं बटणावर बोट ठेवलं. आणि पोट्टी गेली. दाबलं तशी गेली! उजवीकडे, डावीकडे, पार रेघेच्या टोकाला, परत फिरून ह्या टोकाला. बोट आणि पोट्टी यांच्यात कुणी उरलंच नाही. एक फूल झेललं. दुसरं झेललं. तिसरं अस्वलाच्या तोंडातून काढलं. पुष्पाचा श्वास फुलला होता. खुर्चीत बसलेल्या पोरीचा, धावून आल्यासारखा. ती ओरडत होती, "हव! हव! हव म्हनते बाबा! पाहा नं, हव म्हनते!"

तिच्या खुर्चीखाली डावा पाय तालात आपटत होता, आणि उजवाही त्याच्या परीनं हलत होता. सर पडद्याकडे बघतच नव्हते, ते तो पाय बघत होते. मला रडू आलं, आणि मी रडले. त्यात लाजायचं काय?

दुसऱ्या दिवशी यंत्र न्यायला साहेब आले. दुपारच्या एसटीनं परत जायचं म्हणून घाईत. यंत्र चालतं की नाही बघू म्हणून त्यांनी बटण दाबलं, एक फूल झेललं, आणि खुर्ची पुढं ओढली. डोमाजीनं दोनदा चहा गरम केला. एसटी आली, हॉर्न वाजवला, गेली. साहेबांचं अस्वलाशी वैर झालं होतं. "पन यात पोरीले पाय काऊन नाई दिले मास्तर?" त्यांनी खेळता खेळता विचारलं. "तिले लागत नाई साहेब," पुष्पा म्हणाली. साहेब त्या दिवशी उरकुडे सरांकडेच मुक्कामाला राहिले, वरणभात खाल्ला, सकाळी यंत्र घेऊन गेले. गेलं ते गेलंच. दुसऱ्या तालुक्यात ते कधी पोचलं की नाही, आम्हाला कळलं नाही.

खेळ मात्र आमच्याकडे राहिला, एका कॅसेटवर. असे खेळ कॅसेटवरच साठवायचे तेव्हा. यंत्राशिवाय त्याचा काय उपयोग? पण सर ती कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरवर लावायचे. किंऽऽ खर्रर्र किंऽऽ असा कान किटवणारा आवाज. उरकुडे वहिनी पदरानं कान झाकायच्या. शेजारचे म्हणायचे, मास्तरच्या घरी मांजर भाजून राह्यले. बापलेक दोघं शांत बसून ऐकायची. मध्येच पुष्पा बोट वर करून म्हणायची, "ऐका बाबा, आता फूल पडलं." सर कान देऊन ऐकायचे. बऱ्याच वेळानं म्हणायचे, "हव."

त्यानंतर तीन वर्षांनी पुष्पा दहावी चांगली पास झाली आणि नागपूरला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला निघाली. तोवर तिच्याकडे कुबडी आली होती. मी स्टेशनवर पोचवायला गेले. आमची गाडी नॅरोगेजची. तिचा वेग काय सांगावा! सुटल्यावर एखादा उतरून, पाणी पिऊन, पुन्हा चढला तरी गार्ड काही बोलायचा नाही. वहिनी रडत होत्या, पुष्पा त्यांना रागवत होती. सर खिडकीपाशी उभे, हातात पेरूची पिशवी. द्यायची आणलेली, अजून दिली नव्हती. "सर, पिशवी द्या," मी म्हटलं.  शिट्टी झाली. "सर, पेरू!" तरी तसेच.

गाडी हलली. डबा त्यांच्यासमोरून सरकला, पुष्पाची खिडकी पुढं गेली, आणि उरकुडे सर पळायला लागले.

मी त्या माणसाला कधी झपझप चालतानाही पाहिलं नव्हतं. चष्मा नाकावरून घसरलेला, एका पायातली चप्पल मागं राहिलेली, पिशवी छातीशी धरलेली. हमाल बाजूला झाले. त्यांनी खिडकी गाठली, पिशवी आत ढकलली, आणि तरी थांबेनात, गाडीच्या बरोबरीनं पळतच. पुष्पा खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"बाबा, पळू नोका! पडान!"

"हव!" सर म्हणाले.

तिचं बोलणं संपायच्या आत म्हणाले. सगळ्या फलाटानं ऐकलं. आणि फलाट संपेपर्यंत पळत गेले.